सी ड्राइव्ह भरला? डिलीट दाबण्याआधी हा क्रम पाळा

सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की बहुतेकांचा हात आधी डेस्कटॉपवर जातो. चार-दोन फोटो उडवायचे, रिसायकल बिन रिकामा करायचा, पट्टी अजून लालच का म्हणून वैतागायचं, आणि मग त्या वैतागातच विंडोजच्या फोल्डरात शिरून ‘हे कशाला लागतंय’ म्हणत दिसेल ते काढत सुटायचं. दोन दिवसांनी कॉम्प्युटर सुरू होत नाही, किंवा होतो पण प्रिंटर चालत नाही, किंवा मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो कुठे गेले ते सापडत नाही.

यातल्या बहुतेक चुका क्रमाच्या असतात. म्हणून खालचे टप्पे याच ओळीने करा, मधला एखादा आधी उरकू नका. हे सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे. मेनूची नावं आवृत्तीनुसार थोडी इकडेतिकडे होतील, पण क्रम तोच राहतो.

सगळ्या टप्प्यांमागे एकच नियम आहे: ज्याने फाईल तयार केली, त्याच्याच हाताने ती काढायची. तुमच्या फाईली तुम्ही काढा, प्रोग्रामच्या फाईली त्या प्रोग्राममधून काढा आणि विंडोजच्या फाईली विंडोजलाच काढू द्या.

## टप्पा १: डिस्क धड आहे ना, ते आधी बघा

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, साधं फोल्डर उघडायला मिनिट लागत असेल किंवा फाईल कॉपी करताना एरर येत असेल, तर साफसफाई आज नको. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर हजारो फाईली पुसायचं काम लावलं तर तिचे उरलेले दिवस त्यातच संपतात. अशा वेळी महत्त्वाच्या फाईली दुसरीकडे कॉपी करा आणि डिस्क बदला.

शंका असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हा छोटा मोफत प्रोग्राम चालवा. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते, ती वाचून तो ‘गुड’, ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ असा शेरा देतो. ‘गुड’ असेल तरच पुढे चला.

## टप्पा २: बॅकअप, आणि तो खराखुरा

‘माझं सगळं डी ड्राइव्हला आहे’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता उलट प्रश्न विचारतो: डी ही वेगळी डिस्क आहे, की एकाच डिस्कचे दोन भाग पाडलेत? बहुतेक लॅपटॉपमध्ये दुसरंच असतं. मग डिस्क गेली की सी आणि डी दोन्ही एकदम जातात.

वनड्राइव्ह किंवा गुगल ड्राइव्हशी सिंक केलेलं फोल्डर म्हणजेही बॅकअप नाही. सिंकचं काम दोन्ही बाजू सारख्या ठेवायचं असतं. इकडे पुसलंत की तिकडेही पुसलं जातं.

बाहेरची हार्ड डिस्क जोडा. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा तिच्यावर कॉपी करा. एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) असेल तर हा टप्पा अजिबात टाळू नका. जुन्या फिरत्या डिस्कवर पुसलेली फाईल, तिच्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत, रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत मिळण्याची शक्यता असते. एसएसडीत तसं नसतं. फाईल पुसली की विंडोज ‘ट्रिम’ नावाची सूचना पाठवते आणि एसएसडी ती जागा आतून मोकळी करून टाकते. त्यानंतर सहसा काहीच हाती लागत नाही.

तपासा: बॅकअपवरच्या वेगवेगळ्या फोल्डरांतल्या पाच फाईली उघडून बघा, नुसती नावं दिसली म्हणून समाधान मानू नका. मग ती डिस्क काढून बाजूला ठेवा. जोडलेलीच राहिली तर घाईघाईत तिच्यावरचंही पुसलं जातं.

## टप्पा ३: मोजणी

हा टप्पा लोक सर्रास गाळतात, आणि सगळ्यात जास्त फायदा इथेच असतो.

आत्ता किती जागा रिकामी आहे तो आकडा कागदावर लिहा. २५६ जीबीची डिस्क विंडोजमध्ये साधारण २३८ दिसते आणि ५०० ची ४६५. ती चोरी नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढाच फरक आहे. त्या ‘गायब’ जागेच्या शोधात वेळ घालवू नका.

आता सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज या वाटेने जा. ढोबळ चित्र दिसेल. पण नेमकं कुठलं फोल्डर माजलंय ते इथे कळत नाही. त्यासाठी विझट्री, विनडर्स्टॅट किंवा ट्रीसाइज फ्री यांपैकी एक घ्या. मी विझट्री वापरतो, कारण तो एकेक फोल्डर उघडत बसत नाही. एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर सगळ्या फाईलींची मुख्य यादी असते, ती तो थेट वाचतो, त्यामुळे काही सेकंदांत काम होतं. डिस्क गच्च भरली असेल तर त्याची पोर्टेबल आवृत्ती पेनड्राइव्हवरूनच चालवा. ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ करायला विसरू नका, नाहीतर काही फोल्डरं मोजणीतून सुटतात.

मोजणी का करायची, त्याचा एक नमुना. नात्यातल्या एकाने दोन रविवार बसून नऊशेच्या आसपास फोटो निवडून-निवडून पुसले होते. मिळाले किती, तर जेमतेम ३ जीबी. त्याच लॅपटॉपवर मोजणी लावली तर यूजर्स फोल्डरात, त्यात अॅपडेटामध्ये, त्यात रोमिंगमध्ये, आणखी दोन पायऱ्या खाली ‘मोबाइलसिंक’ नावाचं ६२ जीबीचं फोल्डर निघालं. कधीच विकून टाकलेल्या आयफोनचा तो बॅकअप होता. अॅपडेटा हे लपवलेलं फोल्डर असल्यामुळे साध्या नजरेला ते पडतच नाही. पुसलेल्या फोटोंपैकी निम्मे तरी त्याला आता परत हवे होते.

मोजणीतली मोठी दहा-बारा नावं कागदावर उतरवा आणि प्रत्येकासमोर ‘माझं’, ‘प्रोग्रामचं’ किंवा ‘विंडोजचं’ असं लिहा. जिथे लिहिता येत नाही, तिथे प्रश्नचिन्ह टाका आणि आज त्याला हात लावू नका.

सावध: विनएसएक्सएस हे विंडोजच्या स्वतःच्या भागांचा साठा असलेलं फोल्डर हमखास अवाढव्य दिसतं. त्यातल्या बऱ्याच फाईली म्हणजे सिस्टीमच्या इतर फोल्डरांत असलेल्याच फाईलींची दुसरी नावं असतात. जागा एकदाच गेलेली असते, पण मोजणीत ती दोनदा धरली जाते. ते हाताने पुसायचं नाही. ‘विंडोज’मधलं ‘इन्स्टॉलर’ फोल्डरही तसंच. ते पुसलंत की जागा मिळते, पण नंतर एखादा प्रोग्राम अपडेट करायला किंवा काढायला गेलात की तो तीच फाईल मागतो आणि अडून बसतो.

## टप्पा ४: विंडोजचा कचरा विंडोजकडून

आधी कॉम्प्युटर रिस्टार्ट करा. शट डाउन करून पुन्हा सुरू करणं आणि रिस्टार्ट करणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. रिस्टार्टमध्ये अर्धवट अडकलेले अपडेट पूर्ण होतात आणि वापरात असलेल्या तात्पुरत्या फाईली सुटतात.

मग सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स. यादी तयार होऊ द्या, थोडा वेळ लागतो. आता ‘रिमूव्ह फाइल्स’ लगेच दाबू नका. एकेक ओळ वाचा.

- डाउनलोड्स: या ओळीवर टिक नको म्हणजे नको. नावच ‘तात्पुरत्या फाईली’ असलेल्या यादीत तुमचं अख्खं डाउनलोड्स फोल्डर बसलेलं असतं, आणि ‘सगळंच निवडू’ म्हणणारे इथे फसतात. मीही एकदा फसलोय. भरलेल्या फॉर्मांच्या पीडीएफ पावत्या गेल्या, त्या पुन्हा मिळवण्यात एक आख्खा आठवडा गेला.
- रिसायकल बिन: आत्ता नको. त्याचा नंबर शेवटी आहे.
- प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन: म्हणजे ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डर, बऱ्याचदा १० ते ३० जीबीचं. मोठं अपडेट नुकतंच झालं असेल तर थांबा, कारण हे पुसलं की जुन्या आवृत्तीवर परतायचा रस्ता बंद होतो. अपग्रेडनंतर साधारण १० दिवसांनी विंडोज ते आपणहून काढते. विंडोज नव्याने टाकून घेतली असेल तर मात्र आधी त्यातलं यूजर्स फोल्डर उघडून बघा. जुने डॉक्युमेंट्स तिथे पडलेले असू शकतात.
- विंडोज अपडेट क्लीनअप, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन, थंबनेल्स, टेम्पररी फाइल्स: बिनधास्त टिक करा. थंबनेल्स पुन्हा तयार होतात, म्हणून फोटोंचं फोल्डर पहिल्यांदा उघडताना जरा अडखळेल.

अपडेट क्लीनअपला कधीकधी अर्धा-पाऊण तास लागतो. अडकलं असं वाटून बटण दाबून कॉम्प्युटर बंद करू नका.

वरच्या यादीतून सुटलेलं काही टेम्प फोल्डरात उरतं. विंडोजचं बटण धरून आर दाबा. जी पेटी उघडेल तिच्यात इंग्रजीत ‘टेम्प’ लिहा, शब्दाच्या आधी आणि नंतर टक्क्याचं चिन्ह द्या, एंटर दाबा. उघडलेल्या फोल्डरातलं सगळं निवडून डिलीट करा. ‘फाईल वापरात आहे’ असं आलं की ‘स्किप’ म्हणा.

तपासा: पुन्हा रिस्टार्ट करा, रिकामी जागा कागदावर लिहा. प्रिंटर, इंटरनेट आणि रोजचे दोन-तीन प्रोग्राम चालतात ना, ते बघा. सगळं ठीक असेल तरच पाचवा टप्पा घ्या.

रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही. ती साफ करून देतो म्हणणारे रजिस्ट्री क्लीनर या लेखात कुठेही नाहीत, ते विसरून राहिलेले नाहीत. त्यांच्याने जागा जवळपास मिळत नाही आणि बिघाड मात्र फुकटात मिळतो.

## टप्पा ५: प्रोग्राम

सेटिंग्जमधल्या अॅप्सच्या यादीत आकारानुसार क्रम लावा. वरून खाली या. नको असेल ते ‘अनइन्स्टॉल’ करा. प्रोग्राम फाइल्समध्ये जाऊन फोल्डरच उडवणं म्हणजे झाड कापून मुळं तशीच ठेवणं. यादीत नाव राहतं, पार्श्वभूमीत चालणाऱ्या सेवा राहतात आणि नंतर नीट काढायलाही येत नाही.

अनइन्स्टॉलच्या आधी दोन गोष्टी बघा: लायसन्स की कुठे लिहून ठेवलीय का, आणि त्या प्रोग्रामचा डेटा कुठे आहे. हिशेबाचं सॉफ्टवेअर काढलं आणि तीन वर्षांचा हिशेबही गेला, असं घडतं.

जे प्रोग्राम ठेवायचेत, त्यांनी साठवलेला ऐवज त्यांच्याच सेटिंग्जमधून काढा:

ब्राउझरमध्ये ‘क्लिअर ब्राउझिंग डेटा’त फक्त ‘कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स’वर टिक ठेवा. कुकीज पुसल्या की सगळीकडून लॉग आउट व्हाल, आणि पासवर्डच्या खुणेवर चुकून टिक राहिली तर साठवलेले पासवर्ड जातील. आउटलुकच्या बाबतीत फाईलच्या नावाची शेवटची तीन अक्षरं नीट वाचा. ‘ओएसटी’ ही सर्व्हरवरच्या मेलची प्रत असते, ती पुन्हा तयार होऊ शकते. ‘पीएसटी’ हीच तुमची मेल असू शकते, बहुधा एकमेव. तिला हात नको. आयफोनचे जुने बॅकअप आयट्यून्स किंवा अॅपल डिव्हाइसेसमधल्या बॅकअपच्या यादीतून, तारीख बघून काढा. गेम दुसऱ्या ड्राइव्हवर न्यायचे तर स्टीमसारख्या लाँचरमध्येच ती सोय असते.

## टप्पा ६: तुमच्या स्वतःच्या फाईली

इथे कुठलंच हत्यार तुमच्यासाठी निर्णय घेऊ शकत नाही, म्हणून इथे घाई नको. आकारानुसार वरून सुरुवात करा. एक ४ जीबीचा व्हिडिओ म्हणजे फोनवरचे हजारेक फोटो.

डाउनलोड्स उघडा, ‘डिटेल्स’ दृश्य घ्या, ‘साइज’च्या रकान्यावर क्लिक करा. वरच्या वीस-पंचवीस फाईलींमध्ये ओळखीची मंडळी दिसतील: कधीच वापरून झालेल्या इन्स्टॉलरच्या फाईली, आयएसओ (अख्ख्या सीडी-डीव्हीडीची एका फाईलीतली प्रत), आणि उघडून झालेल्या झिप, ज्यांच्या शेजारी त्याच नावाचं फोल्डरही असतं. झिप काढण्याआधी शेजारचं फोल्डर पूर्ण आहे का, ते उघडून बघा.

मग नकला. नावामागे कंसात १ किंवा २ आहे म्हणजे ती नक्कल, हा समज सोडा. बऱ्याचदा उलटं असतं. मेलवरून सुधारून आलेली ताजी फाईल ‘करार (२)’ असते आणि नुसतं ‘करार’ हा जुना मसुदा असतो. नाव आणि तारीख दोन्ही फसवतात, आतला मजकूर फसवत नाही. डुपगुरूसारखा प्रोग्राम मजकूर तपासून जुळणाऱ्या फाईली दाखवतो. त्याला फक्त पिक्चर्स, व्हिडिओज अशी तुमची फोल्डरं द्या. अख्खा सी ड्राइव्ह द्याल तर विंडोजच्या आणि प्रोग्रामच्या फाईलीही ‘नकला’ म्हणून समोर येतील. त्या तशाच, तिथेच लागतात.

ठरवता येत नाही अशा फाईलींसाठी ‘बघू नंतर’ नावाचं फोल्डर करा आणि ते बाहेरच्या डिस्कवर न्या. दर फाईलीपाशी थांबून भावनिक चर्चा करत बसलात तर हा टप्पा संपणार नाही.

सावध, वनड्राइव्हवाल्यांनो: वनड्राइव्हच्या फोल्डरातली फाईल डिलीट केली की ती मोबाइलवरून आणि वेबवरूनही जाते. जागाच हवी असेल तर फाईलवर राइट क्लिक करून ‘फ्री अप स्पेस’ म्हणा. फाईल ढगात राहते, इथे फक्त नाव उरतं. चुकून डिलीट झालंच तर वनड्राइव्हच्या वेबसाइटवरचा रिसायकल बिन बघा. वैयक्तिक खात्यात ती ३० दिवस तिथे असते.

आणखी एक: पेनड्राइव्हवरून पुसलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जातं. खूप मोठी फाईल पुसताना ‘कायमची पुसू का’ असा प्रश्न आला तर सवयीने ‘येस’ दाबू नका. ती बिनमध्ये मावत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ.

## टप्पा ७: हलवायचं ते हलवा

मोठी फोल्डरं दुसऱ्या डिस्कवर नेताना कट-पेस्ट टाळा. मध्येच वीज गेली किंवा केबल हलली तर काय कुठे आहे ते कळत नाही. कॉपी करा, दोन्हीकडची फाईलींची संख्या आणि आकार ‘प्रॉपर्टीज’मध्ये जुळवा, मगच मूळ फोल्डर पुसा.

डॉक्युमेंट्स किंवा पिक्चर्स कायमचेच दुसऱ्या ड्राइव्हवर न्यायचे असतील तर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधला ‘लोकेशन’ टॅब वापरा. एक नेहमीची चूक: नवीन जागा म्हणून नुसता डी ड्राइव्ह निवडणं. मग विंडोजला अख्खा डी ड्राइव्हच डॉक्युमेंट्स वाटायला लागतो आणि ते निस्तरणं जिकिरीचं होतं. आधी डीमध्ये ‘डॉक्युमेंट्स’ नावाचं फोल्डर करा आणि ते निवडा.

## टप्पा ८: अजून कमी पडत असेल तरच

हायबरनेट म्हणजे उघडं असलेलं काम डिस्कवर लिहून ठेवून कॉम्प्युटर बंद करणं. त्यासाठीची फाईल रॅमच्या साधारण ४० टक्के जागा धरून बसते. १६ जीबी रॅम असेल तर ६ जीबीच्या वर. हायबरनेट वापरत नसाल तर कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि इंग्रजीत ‘पॉवरसीएफजी’, स्पेस, स्लॅश, एच, स्पेस, ‘ऑफ’ असं लिहून एंटर दाबा. यात ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद होतं, सुरू व्हायला किंचित जास्त वेळ लागेल. झाकण मिटून दिवसभर लॅपटॉप बॅगेत ठेवणाऱ्यांनी हे करू नये.

सिस्टीम प्रोटेक्शनमध्ये ‘कन्फिगर’ केल्यावर रिस्टोअर पॉइंटना (बिघाड झाला तर विंडोज आधीच्या स्थितीला नेणाऱ्या नोंदींना) किती जागा द्यायची ते ठरवता येतं. पट्टी थोडी मागे घ्या, शून्यावर नको. तिथलंच ‘डिलीट’ बटण सगळे पॉइंट एकदम घालवतं.

‘पेजफाईल’ (रॅम कमी पडली की विंडोज वापरते ती डिस्कवरची फाईल) मात्र आहे तशी राहू द्या.

## टप्पा ९: रिसायकल बिन, सगळ्यात शेवटी

बिन रिकामा होईपर्यंत टप्पा ६ आणि ७ मध्ये पुसलेल्याची जागा मोकळी होत नाही, त्यामुळे हात शिवशिवतो. तरी चार-आठ दिवस थांबा. या दिवसांत रोजची कामं करा. काही हवं झालं तर ते तिथेच असेल. डिस्क अगदी शून्यावर आली असेल आणि थांबणं शक्यच नसेल, तर बिन उघडून फक्त खात्रीच्या मोठ्या फाईली निवडून काढा.

आठवड्यानंतर बिन आकारानुसार लावा, एकदा नजर फिरवा, रिकामा करा. शेवटचा आकडा कागदावर लिहा. डिस्कचा १५ ते २० टक्के भाग मोकळा असेल तर अपडेट अडत नाहीत आणि एसएसडीही हातपाय मोकळे ठेवून काम करते. डीफ्रॅगमेंट करायला, म्हणजे फाईलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावायला, एसएसडीवर वेगळं सॉफ्टवेअर लावू नका. विंडोजचं ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ तिला लागेल तेवढं आपोआप करतं.

स्टोरेजच्या सेटिंग्जमधली आपोआप सफाई करणारी ‘स्टोरेज सेन्स’ ही सोय सुरू करणार असाल तर त्यातली डाउनलोड्सची ओळ ‘नेव्हर’वर आहे ना, ते बघा. कुणीतरी ती ३० दिवसांवर ठेवलेली असते आणि महिनाभराने फाईली मुकाट्याने जातात. बिनची मुदत ३० दिवस ठीक आहे.

विझट्री पुन्हा एकदा चालवा आणि त्या पडद्याचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. दोन-चार दिवसांतच जागा पुन्हा आटायला लागली तर नवी मोजणी त्या स्क्रीनशॉटशेजारी ठेवून बघा. जे फोल्डर फुगलंय तिथेच उत्तर असतं: न थांबता वाढणारी एखाद्या प्रोग्रामची लॉग (नोंदींची) फाईल, किंवा परत सिंक होऊन उतरलेलं अख्खं फोटोंचं फोल्डर.